धृपद धरणाऱ्यांची बाजू

दरवर्षी विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचे परिपत्रक महाविद्यालयांत येऊन पडते. त्यात ‘समूहगान’ नावाचा एक कलाप्रकार असतो. नियम सुटसुटीत आहेत: गायक जास्तीत जास्त ६, साथीदार ३, वेळ १० मिनिटे. परिपत्रक फलकावर लागले की दोन-तीन दिवसांत एखाद्या रिकाम्या वर्गात पेटी ठेवली जाते आणि चाळीस-पन्नास मुलेमुली दाराशी जमतात. मग एकेकाला आत बोलावून ‘काहीतरी म्हण’ असे सांगितले जाते. ज्याला एकट्याने, परीक्षकांच्या नजरेसमोर, दुसऱ्याने ठरवलेल्या पट्टीत गाता येते, तो समूहात गाण्यास पात्र ठरतो. उरलेले घरी जातात, आणि त्यांपैकी बहुतेक जण पुन्हा कधी अशा दाराशी येत नाहीत.

समूहगानाच्या प्रवेशपरीक्षेचा विषय एकल गायन असावा, यातला विनोद आमच्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागली. आम्ही मराठीचे अध्यापक. ‘मराठीवाल्यांना गाण्याबिण्यातले कळते’ अशी एक समजूत महाविद्यालयांतून आहे, तिच्यामुळे सांस्कृतिक समितीचे काम आपसूक आमच्या गळ्यात पडते. आमच्यापैकी एकाला पेटी बरी वाजवता येते, दुसऱ्याला मुळीच येत नाही. परंतु निवडीच्या टेबलामागे आम्ही दोघेही बसलो आहोत आणि दोघांनीही नावांवर काट मारली आहे. तेव्हा प्रस्तुत लेखातील तक्रार कोणा परक्याविरुद्ध नाही. प्रथमतः ती आमच्याचविरुद्ध आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सहांपैकी एक मुलगी तापाने आडवी झाली. नियमाप्रमाणे पाच जण चालले असते; पण रंगमंचावर तीन मुलगे आणि तीन मुली अशी रांग बरी दिसते, म्हणून द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक उंच, नीटनेटकी मुलगी आम्ही उभी केली. तिला गाणे पाठ होते, कारण सराव चालू असताना ती दररोज खिडकीशी थांबत असे. आम्ही तिला सांगितले, ‘तू फक्त ओठ हलव, आवाज काढू नकोस.’ तिने तंतोतंत तसे केले. संघाला बक्षीस मिळाले. प्रमाणपत्रावर तिचेही नाव आहे.

पुढच्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात आम्ही तिला एक कविता मोठ्याने वाचायला सांगितली. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, माझा आवाज चांगला नाही.’ कविता वाचायला कसला आवाज लागतो? परंतु हा प्रश्न तिला विचारण्याचा अधिकार आम्ही गमावलेला होता. गाण्यापुरता दिलेला निकाल तिने अख्ख्या आवाजाला लावून घेतला होता. वर्षअखेरीच्या तोंडी परीक्षेत तिने चार प्रश्नांना मान हलवून उत्तरे दिली. बहिःस्थ परीक्षकांनी शेरा लिहिला: ‘आत्मविश्वासाचा अभाव.’ त्या शेऱ्याखाली सही आमचीही आहे.

‘गळा असावा लागतो’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की ते मत आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. गळा ही देणगी, सूर ही पूर्वपुण्याई. गंमत अशी की हे वाक्य ज्या संगीताच्या नावाने उच्चारतात, ते संगीत श्रमाला जितके महत्त्व देते तितके क्वचितच दुसरी कोणती कला देत असेल. पहाटेचा खर्ज, एकेका पलट्याची शेकडो आवर्तने, वर्षानुवर्षांची तालीम: घराण्यांच्या कथा ऐका, त्या सगळ्या मेहनतीच्या कथा आहेत. तरीही मैफलीतून घरी परतणारा श्रोता मात्र मेहनत विसरतो आणि देणगी लक्षात ठेवतो. त्यात त्याची सोय आहे. देणगी मिळालेली नसली की प्रयत्न न करण्याचा दोष आपल्याकडे येत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गुरूच्या घरात कोंडलेली विद्या वर्गात आणून बसवावी हा त्यामागचा हेतू होता, आणि तो मोठा हेतू होता. पण वर्ग आला तशी परीक्षा आली, परीक्षेमागून प्रमाणपत्र आले. आणि ज्याला प्रमाणपत्र नको, नुसते गायचे आहे, त्याची जागा कोठेच उरली नाही. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी यात नवे काही केले नाही. घराघरांतला निवाडा त्यांनी प्रकाशझोतात आणला, गुण देणारे परीक्षक आणि लघुसंदेशाने मत देणारे प्रेक्षक त्याला जोडले, एवढेच.

आता ‘गळा नाही’ म्हणजे प्रत्यक्षात काय नसते, ते पाहू. स्वरांतला फरक ज्यांना जन्मतःच कळत नाही अशी माणसे असतात, हे खरे आहे. परंतु त्यांचे प्रमाण संशोधक शंभरात चारांहून अधिक सहसा सांगत नाहीत. आमच्या दाराशी आलेल्या पन्नासांत अशी फार तर दोन असतील. आम्ही काढून टाकली चव्वेचाळीस. मग बाकीच्या बेचाळिसांचे काय बिघडले होते?

पुष्कळांचे फक्त पट्टीचे बिघडले होते. मुलग्यांचा सोयीचा षड्ज साधारणतः काळी १ किंवा काळी २ च्या आसपास असतो, मुलींचा काळी ४ किंवा काळी ५ च्या. निवडीच्या दिवशी आधीचा मुलगा काळी १ मध्ये गाऊन गेलेला असतो आणि पेटीवरचा हात तेथेच असतो. मागून येणारी मुलगी तोच षड्ज घेते. मुखडा कसाबसा निघतो, अंतऱ्याला तार षड्जाशी गळा अडतो, ती घाबरून खाली उतरते ती कोठल्या तरी तिसऱ्याच स्वरावर; आणि आम्ही वहीत लिहितो, ‘सूर लागत नाही’. वस्तुतः तिने आपल्या पट्टीत सुरुवात केली असती तर तो लागला असता. आपली पट्टी कोणती हे मात्र तिला माहीत नसते, कारण ती कधी पेटीशेजारी बसलेलीच नसते. मुलग्यांची तऱ्हा वेगळी. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांचा कंठ फुटतो, काही महिने आवाज कोठेही घसरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या गाण्याच्या रांगेतून त्यांना बाजूला केले जाते. पुढे आवाज स्थिरावतो, पण परत बोलवायला कोणी जात नाही. ‘कंठ फुटणे’ या वाक्प्रचाराचा दुसरा अर्थ वाचा लाभणे असा आहे, हे आम्ही व्याकरणाच्या तासाला शिकवतो.

आणि काहींचे एवढेच की त्यांनी आयुष्यात शेजारच्याचा सूर कानात ठेवून स्वतःचा सूर कधी लावून पाहिलेला नसतो. हे एकट्याने शिकता येत नाही असे नाही; पण एकट्याने शिकताना चूक उघडी पडते, आणि आपली चूक उघडी पडलेली ज्याला सहन होते त्याच्यापाशी आत्मविश्वास आधीपासूनच असतो. प्रश्न त्याचा नाहीच. रांगेत उभे राहिले की उजवीकडचा सूर कानात शिरतो, डावीकडचा शिरतो, दोहोंच्या मध्ये आपला आवाज हळूच सोडून पाहता येतो. चुकला तर तो झाकला जातो, जुळला तर जुळल्याचे फक्त आपल्याला कळते. झाकले जाणे ही नवशिक्याची पहिली गरज आहे, आणि आपली सगळी शिक्षणव्यवस्था त्याला पहिल्याच दिवशी उघड्यावर उभी करते.

येथे आम्हांस आमच्याच अभ्यासक्रमातल्या एका कवितेकडे वळले पाहिजे. तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग आपण सर्व जण शिकवतो. जातीचा उल्लेख, दुष्काळ, पत्नीचा मृत्यू, मोडलेला व्यापार, भंगलेले देऊळ, पुढे स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती, हे टप्पे फळ्यावर लिहिले जातात. पण देऊळ आणि स्फूर्ती यांच्या मध्ये जे येते त्यावरून आपण घाईघाईने पुढे सरकतो. तुकोबा सांगतात की आरंभी ते एकादशीला कीर्तन करीत, पण अभ्यासात चित्त नव्हते. मग त्यांनी संतांची वचने विश्वासाने पाठ केली. आणि पुढे जे गात असत त्यांच्या मागे उभे राहून त्यांनी धृपद धरले.

या ओळीचा अर्थ आजवर आम्ही ‘विनय’ असा सांगत आलो. महाकवी असूनही मागे उभे राहिले, केवढी ही नम्रता! परंतु तेव्हा ते महाकवी नव्हते. अभंगातला क्रम नीट पाहिला तर कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर येते. ते शिकत होते आणि कोठे शिकले ते सांगत होते. ही ओळ नम्रतेची म्हणून बाजूला ठेवली की तुकाराम हा आकाशातून पडलेला एकटा प्रतिभावंत ठरतो, आणि आपल्या वर्गातल्या पोरांना त्याच्याशी काही देणेघेणे उरत नाही. ती शिक्षणक्रमाची ओळ म्हणून वाचली तर चित्र पालटते. धृपद धरणाऱ्याला काय काय यावे लागते ते पाहा: पुढचा चरण कोठे संपवणार ते आधी ओळखावे लागते, श्वास त्याच्या आधी घेऊन ठेवावा लागतो, तो आलाप लांबवील तेव्हा गप्प राहावे लागते, तो थकेल तेव्हा आवाज वाढवावा लागतो, आणि तेच शब्द इतक्या वेळा म्हणावे लागतात की ते ओठांच्या वळणाचे होऊन जातात. अभंगाची घडण ज्याच्या श्वासात अशी बसली आहे, त्याला पुढे स्वतःचा अभंग सुचला तर त्यात चमत्कार तो कोणता? छंदःशास्त्राच्या पुस्तकावरून साडेतीन चरणी अभंगाची अक्षरे मोजायला लावून आम्ही जे वर्षभरात साधत नाही, ते टाळकऱ्यांच्या रांगेत चार एकादश्यांत साधते, असे आमचे मत आहे.

‘कोरस’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, आणि ‘वृंदगान’, ‘समूहगान’ हे शब्द घडवले. त्यामुळे ही वस्तूच आपल्याकडे परकी असावी असा भास होतो. प्रत्यक्षात मराठीत या माणसांसाठी शब्दांचा दुष्काळ नाही. कीर्तनात टाळकरी आणि धृपदे, पोवाड्यात झीलकरी, तमाशात सुरते. प्रत्येक प्रकाराने मागे उभ्या राहणाऱ्यांना वेगळे नाव दिले आहे, कारण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. मग या शब्दांचे आपण काय केले? ‘री ओढणे’, ‘झील ओढणे’. मागून सूर धरण्याची ही कौशल्ये आज मराठीत लाचारीची नावे झाली आहेत. टीकाकार एखाद्या दुय्यम लेखकावर ‘अमक्याची री ओढणारा’ असा शिक्का मारतो, तेव्हा आपण गाण्यातले एक अवघड काम शिवीसारखे वापरत आहोत याची त्यालाही जाण नसते. भाषेच्या अभ्यासकांनी या अर्थांतराचा मागोवा घ्यायला हवा. आमचा तर्क असा की ज्या काळात गाणे हे तिकीट काढून ऐकण्याची गोष्ट बनले, त्याच सुमारास मागचा माणूस हास्यास्पद झाला असावा. पण हा तर्कच आहे.

या परंपरेला आम्ही सोवळे समजत नाही. ‘सगळे गातात’ हे पंढरपूरच्या वाळवंटात खरे असले तरी मंदिराच्या दाराशी खोटे होते. अस्पृश्यांसाठी ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले. स्त्रियांची भजनी मंडळे स्वतंत्र आणि पुष्कळदा दुपारच्या वेळेपुरतीच. पहाटेचे त्यांचे गाणे जात्यापाशी, जेथे एकीने ओवी सुरू करायची आणि दुसरीने ती उचलायची. तेव्हा कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे हे नेहमी गाण्यानेच ठरवले असे नाही. म्हणूनच विसाव्या शतकात ज्यांना ती रांग बदलायची होती, त्यांनी नवी रांग उभी केली. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, १९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, वसंत बापटांसारखे कवी ज्यासाठी लिहीत ते राष्ट्र सेवा दलाचे कलापथक: यांतून जे गायले त्यांपैकी कितीकांकडे संगीत विद्यालयाचे प्रमाणपत्र होते? बार्शीच्या गरीब घरातून आलेला मेहबूब पटेल नावाचा कामगार मुलगा पुढे ‘अमर शेख’ झाला. ज्याच्या डफावर सभा उभ्या राहत अशा त्या माणसाला कोणी टेबलामागून ‘काहीतरी म्हण’ असे सांगून तपासले असते तर, हा विचार आम्हांला अस्वस्थ करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा इतिहास शिकवताना आपण शाहिरांची नावे सांगतो. त्यांच्यामागे ‘जी जी’ धरणाऱ्या गिरणी कामगारांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. पण मागे ‘जी जी’ म्हणण्याची सवय झालेला माणूस दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या सभेत बोलायला उभा राहू शकतो, एवढे समजायला पाठ्यपुस्तक लागत नाही.

गोव्यातही हीच गोष्ट दोन वेगवेगळ्या देवांच्या सावलीत घडलेली दिसते. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या पॅरिश शाळांतून गावच्या मुलांना स्वरलेखन आणि गायन शिकवले जाई. त्यामागे धर्मप्रसाराचे आणि सत्तेचे कारण होते, हे न लपवता म्हणता येते की त्याच शिक्षणातून मुंबईच्या चित्रपटसंगीताला वादकांच्या पिढ्या मिळाल्या. दुसरीकडे वास्कोचा दामोदर सप्ताह. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीच्या वेळी सुरू झालेले ते अखंड भजन आजही चालू आहे, आणि अहोरात्र चालणाऱ्या भजनाला निवडक सहा गळे पुरत नाहीत, हे उघड आहे. रात्री तीन वाजता जो जागा असेल तो गातो.

आता विरोधी पक्ष. आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी या लेखाचा कच्चा खर्डा वाचून विचारले की समूहात गाऊन जो येतो तो आत्मविश्वास की गर्दीचा कैफ? प्रश्न टाळण्यासारखा नाही. थिओडोर आडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या देशातील युवक-संगीत चळवळीवर कठोर टीका केली होती. एकत्र गाणे म्हणजे आपोआप काहीतरी चांगले, या भाबड्या समजुतीवर त्याचा रोख होता, आणि त्यामागे नाझी काळातल्या सामूहिक गायनाची आठवण होती. आपल्याला तर जर्मनीपर्यंत जायला नको. विसर्जनाच्या मिरवणुकीतला ध्वनिवर्धकांचा डोंगर आणि त्यापुढे एकाच ठेक्यावर हलणारी शेकडो डोकी आपण दरवर्षी पाहतो.

परंतु मिरवणुकीतल्या त्या पोरांकडे जरा बारकाईने पाहा: ती गात नाहीत. गाणे यंत्र करते, पोरे ओठ हलवतात, आमच्या त्या विद्यार्थिनीसारखी. गर्दी आणि वृंद यांतला भेद आमच्या लेखी एका साध्या गोष्टीत आहे. वृंदात शेजाऱ्याचा आवाज ऐकल्याखेरीज स्वतःचा लावता येत नाही. गर्दीत शेजारी ऐकूच येत नाही. आडोर्नोचा आक्षेप ज्या गाण्याला लागू पडतो त्यात सर्वांनी एकसारखे होणे अपेक्षित असते. टाळकऱ्यांच्या रांगेत कोणी खर्जात गातो, कोणी वरच्या सप्तकात, एखाद्या म्हाताऱ्याचा सूर मागेच रेंगाळतो, आणि मृदंगवाला त्या सगळ्यांना सांभाळून घेतो. हे आदर्श चित्र आहे, प्रत्येक भजनी मंडळ असे नसते, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही आक्षेपाला भिऊन गाणेच बंद करणे म्हणजे भाषणबाजीला कंटाळून बोलणे सोडण्यासारखे होईल.

दुसरा पक्ष शुद्धतावाद्यांचा. बेसुऱ्यांना एकत्र केले तर बेसूरपणाचा गुणाकार होतो, असे ते म्हणतात. पहिल्या आठवड्यात होतो, हे कबूल.

आम्ही ते करून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागात दर गुरुवारी शेवटच्या तासानंतर, ज्याला हवे त्याने यावे, अशी बैठक सुरू केली. चाचणी नाही, कार्यक्रम नाही, वर्षअखेरीस सादरीकरण नाही. म्हणायचे ते अभ्यासक्रमातलेच: अभंग, गवळण, भारूड, ओवी, एखादा पोवाडा. पहिल्या दिवशी नऊ जण आले आणि जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी दार लावून घेतले. पट्टीचा प्रश्न लगेच आडवा आला. बरीच खटपट केल्यावर तोडगा सापडला तो जुनाच होता: ध्रुवपद सर्वांनी आपापल्या सप्तकात म्हणायचे, आणि चरण एकदा मुलींनी त्यांच्या पट्टीत तर एकदा मुलग्यांनी त्यांच्या पट्टीत घ्यायचे. पेटी मध्ये थांबते, नवा षड्ज देते, मग पुढे. ऐकायला हे काही फार देखणे लागत नाही. ज्यांचा कान कच्चा त्यांना दोन पक्क्यांच्या मध्ये बसवायचे, आणि हे त्यांना सांगायचे नाही. सहा-सात आठवड्यांत, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, ध्रुवपद एका स्वरावर येऊन थांबू लागले. तोवर येणारे बावीस झाले होते.

एक मुलगा शेवटपर्यंत सुरात आला नाही. तो एकही गुरुवार चुकला नाही. टाळ त्याच्या हातात दिला तेव्हा तो लयीला घट्ट असल्याचे आढळले. त्याचा टाळ ऐकूनच बाकीचे समेवर येत. काही जण दोन-तीनदा येऊन गळले, त्यांची कारणे आम्ही विचारली नाहीत.

मग आत्मविश्वासाचे काय झाले? या शब्दाविषयी आमच्या मनात थोडी अढी आहे. महाविद्यालयांतून ‘व्यक्तिमत्त्व विकास’ नावाच्या ज्या कार्यशाळा भरतात, त्यांत तो शब्द टायच्या गाठीसारखा शिकवला जातो: ताठ उभे राहा, डोळ्यांत पाहा, हात असे ठेवा. आम्ही पाहिला तो प्रकार निराळा होता. गुरुवारच्या बैठकीला येणारी मुले वर्गात कविता वाचायला सांगितल्यावर कारणे देईनाशी झाली. एवढेच. त्यांची वाचने फार सुरेख होती असे नाही. पण ज्ञानेश्वरीतील ओवी कोठे थांबते आणि अर्थ कोठे पुढे वाहतो, हे त्यांच्या श्वासाला कळत होते, त्यामुळे आम्हांला अन्वय सांगायला कमी वेळ लागला. एका मुलीने तोंडी परीक्षेत परीक्षकांना ‘प्रश्न पुन्हा सांगाल का?’ असे विचारले. प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या घरातल्या मुलीने परीक्षकाला प्रश्न पुन्हा विचारायला लावणे ही लहान घटना नव्हे. ज्यांनी अशा तोंडी परीक्षा घेतल्या आहेत त्यांना ती समजेल.

यावरून नियम काढू नये, हे आम्हांला कळते. २०१५ साली रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील प्रौढांच्या वर्गांची सात महिने पाहणी केली होती. काही वर्ग गायनाचे, काही हस्तकलेचे, काही सर्जनशील लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसे एकमेकांशी सारखीच जवळ आलेली आढळली. फरक एवढाच की गाणाऱ्यांच्या वर्गात ते फार लवकर घडले. हा निष्कर्ष गाण्याच्या भक्तांना थोडा निराश करणारा आहे. आम्हांला तो पुरेसा वाटतो. आमच्या सत्रात परीक्षा, सुट्ट्या आणि निवडणुकीची कामे वजा जाता हाती येतात बारा-तेरा गुरुवार. ज्या मुलांना तीन वर्षांत एकमेकांची नावे ठाऊक होत नाहीत त्यांच्यासाठी लवकर घडणे हेच महत्त्वाचे.

नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आले आहेत. सहकारी सुचवतात की ही बैठक त्यात बसवून टाका, मुले आपोआप येतील. येतील खरी. पण श्रेयांक आले की मूल्यमापन आले, मूल्यमापन आले की एकेकाला आत बोलावून ‘काहीतरी म्हण’ आले. ज्या दारातून आम्ही बाहेर पडू पाहत आहोत तेच दार. आमची मागणी उलट आहे. मराठी विभागांनी आठवड्यातला एक तास असा राखावा की ज्याचा कोठेही हिशेब द्यावा लागणार नाही, आणि ज्यात अभ्यासक्रमातली कविता तोंडाने म्हटली जाईल, सर्वांनी मिळून. ज्या वाङ्मयाचा निम्म्याहून अधिक प्राचीन भाग गाण्यासाठी रचला गेला ते आपण मुक्याने शिकवतो आणि मग विद्यार्थ्यांना वाङ्मयाची गोडी नाही म्हणून परिसंवाद भरवतो. आणि महोत्सवाच्या नियमावलीत समूहगान ठेवायचेच असेल तर किमान त्याचे नाव बदलावे. सहा निवडक गळ्यांना ‘षट्क’ म्हणता येईल. ‘समूह’ हा शब्द मोकळा करावा.

ती मुलगी आता दुसऱ्या गावी आहे. गुरुवारची बैठक सुरू झाली तोवर ती पदवी घेऊन गेली होती, आणि तिला पत्र लिहून काही सांगावे असे आम्हांला अनेकदा वाटले. परंतु काय सांगायचे ते ठरत नाही.

या वर्षीचे परिपत्रक गेल्या सोमवारी आले. सहा नावे शनिवारपर्यंत कळवायची आहेत आणि ती आम्ही कळवू, कारण ते आमचे नेमून दिलेले काम आहे. गुरुवारी मात्र दुपारी सव्वातीनला विभागाची खोली उघडी असते. पेटीची काळी ४ गेल्या पावसाळ्यापासून वाजत नाही, म्हणून मुली सध्या काळी ५ मध्ये गातात.